काउंटर ते विद्यापीठ : अमेरिकेतील फॅशन मर्चंडायझिंग शिक्षणाची जडणघडण (१९०५ ते १९७५)

प्रस्तावना

फॅशन मर्चंडायझिंग हा विषय विद्यापीठात पदवीसाठी शिकवला जातो, याचे आज कोणास नवल वाटत नाही. रिटेल क्षेत्रात नोकरी करू इच्छिणारे विद्यार्थी, त्यातही प्रामुख्याने विद्यार्थिनी, या अभ्यासक्रमाकडे वळतात. विषयाच्या नावातील 'फॅशन' या शब्दामुळे त्याचा जन्म झगमगाटात, रंगमंचावर किंवा एखाद्या चित्रकाराच्या टेबलावर झाला असावा, असा समज सहज होतो. मर्चंडायझिंग म्हणजे विक्रीयोग्य मालाची निवड, त्याचे प्रमाण, किंमत आणि वेळ यांचे नियोजन, ही व्याख्या पाठ्यपुस्तकात येते. पण हे नियोजन विद्यापीठात शिकवावे असे कोणाला, केव्हा आणि कशासाठी वाटले, याविषयी पाठ्यपुस्तके बहुधा मौन बाळगतात.

या विषयाची मूळ भूमी अमेरिका होय. तेथे त्याचा उगम फॅशनच्या प्रश्नातून झालेला दिसत नाही. तो दुकानात काम करणाऱ्या मुलींच्या मजुरीच्या प्रश्नातून झाला. पुढे त्याला गणिताची जोड मिळाली, नंतर फॅशनची, आणि सर्वात शेवटी पदवीची. हा क्रम ध्यानात घेतला नाही, तर विद्यापीठातील या विषयाचे स्थान इतके संदिग्ध का राहिले, याचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखात या क्रमाचा मागोवा घेतला असून अखेरीस भारतातील या विषयाच्या आगमनाचा थोडक्यात विचार केला आहे.

दुकानाचे बदललेले रूप

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडविक्रीचे स्वरूप पालटले. न्यू यॉर्कमध्ये ए. टी. स्ट्युअर्ट यांनी १८४६ मध्ये उभारलेले संगमरवरी दुकान, पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको यांनी १८५२ पासून वाढवलेले 'बाँ मार्शे' आणि फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर यांनी १८७६ मध्ये रेल्वेच्या जुन्या मालगोदामात थाटलेले 'ग्रँड डेपो' ही या बदलाची ठळक उदाहरणे होत. ठरलेला भाव, घासाघीस नाही, न आवडल्यास माल परत, आणि एकाच छपराखाली अनेक विभाग ही या दुकानांची वैशिष्ट्ये होती. प्रत्येक विभागाचा एक खरेदीप्रमुख असे. त्याला 'बायर' म्हणत. तो आपल्या विभागात जवळजवळ स्वतंत्र दुकानदारासारखा वागे. माल निवडणे, भाव लावणे, विक्रेत्यांवर देखरेख ठेवणे, उरलेला माल कमी भावात काढणे ही सारी कामे त्याच्याच हाती असत.

बायर होण्यासाठी कोणतीही शाळा नव्हती. नोटा आणि पुडकी इकडून तिकडे नेणारा पोऱ्या म्हणून लागायचे, वर्षानुवर्षे पाहून शिकायचे आणि नशीब असेल तर वर चढायचे, अशी ती उमेदवारीची पद्धत होती. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधील गादीवर बसून कापड हाताने चाचपून पारखायला शिकणाऱ्या मुलाची रीत याहून फार वेगळी नव्हती. फरक इतकाच, की अमेरिकेतील मोठ्या दुकानात काउंटरमागे शेकडो मुली उभ्या होत्या आणि त्यांना पाहून शिकण्यास ना वेळ होता ना वाव. भाव ठरलेला असल्यामुळे विक्रेत्याच्या हुशारीची गरज उरली नाही, असे मालकांना आरंभी वाटले. त्यामुळे कमी वेतनावर कमी शिकलेल्या मुली नेमल्या गेल्या. ग्राहक स्त्रिया मात्र अधिक सधन, अधिक चोखंदळ होत चालल्या होत्या. काउंटरच्या दोन बाजूंमधील ही सामाजिक दरी हाच पुढील साऱ्या प्रयत्नांचा आरंभबिंदू ठरला. सुझन पोर्टर बेन्सन यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'काउंटर कल्चर्स' या ग्रंथात मालक, ग्राहक आणि विक्रेत्या स्त्रिया यांच्यातील या त्रिकोणी संबंधाची सविस्तर चिकित्सा केली आहे.

बोस्टनमधील आरंभ

बोस्टनमध्ये १८७७ साली स्थापन झालेल्या 'विमेन्स एज्युकेशनल अँड इंडस्ट्रियल युनियन' या संस्थेने कष्टकरी स्त्रियांसाठी अनेक उपक्रम चालवले. या संस्थेत ल्युसिंडा वायमन प्रिन्स यांनी १९०५ मध्ये विक्रीकलेचा वर्ग सुरू केला. प्रिन्सबाईंचा युक्तिवाद साधा होता. विक्रेत्या मुलीला वेतन कमी मिळते, कारण ती अकुशल समजली जाते. तिला कौशल्य द्या, म्हणजे तिची विक्री वाढेल आणि वेतनही वाढेल. या युक्तिवादात मालकाच्या नफ्याचा आणि मुलीच्या हिताचा मेळ बसत होता. म्हणूनच फायलीन यांच्यासारख्या सुधारणावादी दुकानदारांनी तो उचलून धरला.

त्या काळाची पार्श्वभूमी पाहिली असता या मेळाची निकड समजते. न्यू यॉर्कमध्ये १८९१ साली स्थापन झालेली 'कन्झ्युमर्स लीग' ही ग्राहक स्त्रियांची संघटना मुलींना बऱ्यापैकी वागवणाऱ्या दुकानांची यादी छापून प्रसिद्ध करीत असे. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९१२ मध्ये स्त्रियांसाठी किमान वेतनाचा कायदा केला. अमेरिकेतील हा अशा प्रकारचा पहिला कायदा. १९१३ मध्ये इलिनॉय राज्याच्या चौकशी समितीसमोर मोठमोठ्या दुकानदारांना बोलावून, तुटपुंज्या वेतनामुळे मुली वेश्याव्यवसायाकडे लोटल्या जातात काय, असा उघड प्रश्न विचारण्यात आला. दुकानदारांपुढे दोन वाटा होत्या. एक, कायद्याने लादलेले वेतन देणे. दुसरी, शिक्षणाने वाढवलेली कार्यक्षमता दाखवून वेतनाचा प्रश्न आपल्या अटींवर सोडवणे. दुसरी वाट त्यांना अधिक मानवली, यात नवल नाही.

प्रिन्सबाईंच्या वर्गात शिकवले जाणारे विषय आजच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहण्यासारखे आहेत. विक्रीकला, अंकगणित, आरोग्य, रंग व आकृतिबंध, आणि या सर्वांच्या जोडीला वस्त्रज्ञान. सूत, लोकर, रेशीम आणि ताग यांचे धागे ओळखणे, विणीतील फरक समजणे, कोणते कापड धुतल्यावर आटते ते सांगता येणे, हे ज्ञान विक्रेतीला ग्राहक स्त्रीसमोर अधिकाराने बोलण्याचे बळ देत असे. वर्गात एक मुलगी विक्रेती व दुसरी ग्राहक होऊन सराव करी आणि इतर मुली त्यावर टीका करीत. दिवसाचा काही भाग वर्गात आणि काही भाग प्रत्यक्ष दुकानात, अशी योजना होती. पुढे या शाळेचा भर मुलींना शिकवण्यावरून दुकानांसाठी शिक्षिका तयार करण्यावर आला आणि 'प्रिन्स स्कूल ऑफ एज्युकेशन फॉर स्टोअर सर्व्हिस' या नावाने ती बोस्टनच्या सिमन्स कॉलेजचा भाग बनली. काउंटरवरचे शिक्षण महाविद्यालयात पोहोचले ते असे. मात्र पोहोचताना त्याचा विद्यार्थी बदलला. काउंटरवर उभी असलेली मुलगी बाहेरच राहिली. तिला शिकवणारी, मध्यमवर्गातून आलेली पदवीधर स्त्री आत आली. मर्चंडायझिंग शिक्षणाच्या इतिहासात हा बदल निर्णायक आहे.

विद्यापीठांचा प्रवेश आणि गणिताचे राज्य

यानंतरच्या पंधरा वर्षांत विद्यापीठे या क्षेत्रात उतरली. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय प्रशासन विद्यालयाने १९११ मध्ये स्थापन केलेल्या संशोधन विभागाने आपल्या पहिल्या अभ्यासासाठी किरकोळ पादत्राणविक्रीचा धंदा निवडला. पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रविद्या संस्थेत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस स्थानिक दुकानदारांच्या पैशातून किरकोळ विक्रीच्या प्रशिक्षणासाठी एक संशोधन केंद्र उभे राहिले व १९२३ मध्ये ते पिट्सबर्ग विद्यापीठाकडे गेले. न्यू यॉर्क विद्यापीठात १९१९ साली विक्रीकलेच्या शिक्षकांसाठी सुरू झालेल्या वर्गातून लवकरच 'स्कूल ऑफ रिटेलिंग' निर्माण झाले. याच विद्यालयातून १९२५ पासून 'जर्नल ऑफ रिटेलिंग' हे नियतकालिक निघू लागले. ते आजही प्रसिद्ध होते.

याच सुमारास आलेल्या एका आर्थिक आघाताने अभ्यासक्रमाची दिशा बदलली. महायुद्धानंतरच्या तेजीत दुकानदारांनी चढ्या भावाने माल भरून ठेवला होता. १९२०-२१ च्या मंदीत भाव एकाएकी कोसळले आणि गोदामातला माल डोळ्यांदेखत स्वस्त झाला. बायरची पारख, त्याची नजर, त्याचा अनुभव यांपैकी काहीही कामी आले नाही. यापुढे बायरच्या हाती मोकळा पैसा द्यायचा नाही, त्याला आकड्यांच्या चौकटीत बांधायचे, हा धडा मालकांनी घेतला. पॉल मेझर यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या संघटनरचनेत दुकानाची चार अंगे कल्पिली होती: माल, प्रसिद्धी, दुकानव्यवस्था आणि हिशेबी नियंत्रण. मर्चंडायझिंग हे एक स्वतंत्र अंग म्हणून कागदावर आले, आणि त्याच्या शेजारीच त्याच्यावर पहारा ठेवणारा हिशेबनीस बसला.

या चौकटीचे अंतरंग समजून घेणे आवश्यक आहे, कारण फॅशन मर्चंडायझिंगच्या वर्गात आजही तेच शिकवले जाते. बायरने सहा महिन्यांचा आराखडा करावयाचा असतो. त्यात प्रत्येक महिन्याची अपेक्षित विक्री, महिन्याच्या आरंभी व अखेरीस हाती असावयाचा साठा आणि अपेक्षित भावकपात मांडायची. त्यावरून त्या महिन्यात नवी खरेदी किती करता येईल ते निघते; यालाच 'ओपन टू बाय' म्हणतात. समजा, स्त्रियांच्या पोशाखांच्या विभागात एका महिन्याची अपेक्षित विक्री ४०,००० डॉलर, भावकपात ४,००० डॉलर आणि महिनाअखेरचा साठा ९०,००० डॉलर असावा, असे ठरले. म्हणजे एकूण गरज १,३४,००० डॉलरची. महिन्याच्या आरंभी ८०,००० डॉलरचा साठा हाती आहे आणि २४,००० डॉलरच्या मागण्या आधीच नोंदवल्या आहेत. तेव्हा बायरला केवळ ३०,००० डॉलरची नवी खरेदी करता येते. हे सर्व आकडे विक्रीच्या भावातील आहेत. विक्रीभावावर ४० टक्के मार्कअप धरला, तर कारखानदाराला देण्यासाठी तिच्या हाती प्रत्यक्षात १८,००० डॉलर उरतात. साठा विक्रीभावाने मोजायचा आणि त्यावरून मूळ किंमत काढायची, ही 'रिटेल पद्धत' होय. हार्वर्डचे माल्कम मॅकनेर यांचा या पद्धतीवरील ग्रंथ १९२५ मध्ये आला.

वर्षभराच्या विक्रीला सरासरी साठ्याने भागले की माल वर्षात किती वेळा फिरला ते कळते. ४,८०,००० डॉलरची विक्री आणि ८०,००० डॉलरचा सरासरी साठा म्हणजे सहा फेरे. फेरे वाढवायचे तर साठा थोडा ठेवावा लागतो. साठा थोडा ठेवला तर हवा तो माप-रंग मिळाला नाही म्हणून ग्राहक परत जातो. या दोहोंमधील तोल हाच बायरचा खरा अभ्यास. विद्यापीठाने या विषयाला जर काही खरोखर दिले असेल, तर ते हे शिकवता येण्याजोगे, तपासता येण्याजोगे गणित होय. विक्रीकलेला परीक्षा घेण्याजोगा गाभा नव्हता. 'ओपन टू बाय'ला होता. सौंदर्यदृष्टीच्या नावाने ओळखला जाणारा हा विषय विद्यापीठात टिकला तो त्रैराशिकाच्या जोरावर, ही गोष्ट काहीशी गमतीची असली तरी खरी आहे.

फॅशन अभ्यासविषय बनते

साठ्याच्या गणितात फॅशनने मोठीच अडचण आणली. पांढऱ्या चादरींची पुढील वर्षाची विक्री मागील वर्षावरून सांगता येते. झग्याच्या लांबीची सांगता येत नाही. तयार कपड्यांचा धंदा न्यू यॉर्कच्या सेव्हन्थ ॲव्हेन्यू परिसरात एकवटला होता आणि पॅरिसची नक्कल काही आठवड्यांतच स्वस्त भावात काउंटरवर येऊ लागली होती. उरलेला माल म्हणजे थेट भावकपात. म्हणून फॅशनचा अंदाज बांधणे ही हिशेबाची गरज बनली.

या गरजेला शास्त्राचे रूप देण्याचा सर्वात महत्त्वाचा प्रयत्न पॉल नायस्ट्रॉम यांचा. त्यांनी १९१५ साली किरकोळ विक्रीच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला होता. पुढे कोलंबिया विद्यापीठात विपणनाचे प्राध्यापक असताना १९२८ मध्ये 'इकॉनॉमिक्स ऑफ फॅशन' आणि १९३२ मध्ये 'फॅशन मर्चंडायझिंग' हे ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केले. फॅशन कोणी लादत नाही, ती लोकांच्या स्वीकारातून बनते. तेव्हा तिचा अंदाज हुकूम सोडून नव्हे तर मोजदाद करून बांधावा, असा त्यांचा आग्रह होता. रस्त्यात, उपाहारगृहात, नाट्यगृहात उभे राहून किती स्त्रियांनी कोणत्या घाटाची टोपी, कोणत्या लांबीचा झगा घातला आहे, याची शिरगणती करायची आणि ठरावीक काळाने ती पुन्हा करून चढती-उतरती रेषा पाहायची, ही 'फॅशन मोजणी' त्यांनी पाठ्यक्रमात आणली. त्याच ग्रंथात औद्योगिक समाजातील माणसाच्या ठायी जीवनाविषयीचा एक प्रकारचा उदासभाव निर्माण होतो व तो क्षुल्लक वस्तूंच्या बदलात समाधान शोधतो, असेही निरीक्षण त्यांनी नोंदवले. त्याला त्यांनी व्यर्थतेचे तत्त्वज्ञान असे नाव दिले. विषयाचा पाया घालणाऱ्या अभ्यासकाने विषयाच्या मुळाशी असलेली ही शंका स्वतःच नोंदवावी, हे त्यांच्या बौद्धिक प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी मोजणी उचलली आणि शंका वगळली.

विद्यापीठाबाहेर खास फॅशन व्यवसायासाठीच्या शाळाही निघाल्या. टोबे कोलर डेव्हिस आणि ज्युलिया कोबर्न यांनी १९३७ मध्ये न्यू यॉर्कमध्ये टोबे-कोबर्न शाळा काढली. १९३९ मध्ये लॅबोरेटरी इन्स्टिट्यूट ऑफ मर्चंडायझिंग सुरू झाली. संघराज्य शासनाने १९३६ च्या जॉर्ज-डीन कायद्याने विक्री व वितरण व्यवसायांतील शिक्षणाला प्रथमच अनुदान दिले. १९४४ मध्ये सुईकाम उद्योगाच्या माध्यमिक शाळेच्या वरच्या दोन मजल्यांवर शंभर विद्यार्थ्यांनिशी फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था सुरू झाली. स्थलांतरित कारागिरांची पिढी वृद्ध होत होती व त्यांची मुले या धंद्यात यावयास राजी नव्हती. उद्योगाची ही चिंता तिच्या स्थापनेमागे होती. १९५१ मध्ये ती न्यू यॉर्क राज्य विद्यापीठाशी जोडली गेली आणि दोन वर्षांची पदवी देऊ लागली. चार वर्षांच्या पदवीचा अधिकार मिळण्यास मात्र १९७५ साल उजाडावे लागले.

गृहविज्ञानाचे दार

मर्चंडायझिंगला विद्यापीठात येण्यासाठी दुसरेही एक दार होते, ते गृहविज्ञानाचे. एलेन स्वॅलो रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९९ पासून लेक प्लॅसिड येथे घेतलेल्या परिषदांतून अमेरिकेतील गृहविज्ञान संघटित झाले. विज्ञानाच्या इतर शाखांनी ज्या स्त्रियांना प्राध्यापकपद नाकारले, त्यांना या विद्याशाखेने आश्रय दिला. तिच्या 'वस्त्र व परिधान' विभागात आरंभी शिवणकाम प्रधान होते. तयार कपडे घरोघरी पोहोचल्यावर शिवणकामाचे महत्त्व ओसरले आणि विभागाने आपले लक्ष चांगली खरेदी कशी करावी, या प्रश्नाकडे वळवले. कापडाची ताकद तपासणे, रंगाचा पक्केपणा मोजणे, फसव्या नावांविरुद्ध आवाज उठवणे ही त्यांची कामे. लोकरी मालावर घटकांची चिठ्ठी बंधनकारक करणारा १९३९ चा आणि सर्व तंतूंना लागू होणारा १९५८ चा कायदा ज्या वातावरणात झाला, ते घडवण्यात गृहविज्ञानाच्या अध्यापिकांचाही वाटा होता.

या ठिकाणी एक मूलभूत विसंगती निर्माण झाली. गृहविज्ञानाने ग्राहक स्त्रीचा कैवार घेतला होता. कपडा टिकावा, त्याची किंमत वसूल व्हावी, हे तिचे तत्त्व. मर्चंडायझिंगचे हित याच्या उलट होते. कपडा फाटण्याआधी तो जुना वाटला पाहिजे. १९६० व १९७० च्या दशकांत हे दोन्ही विचार एकाच विभागात, कित्येकदा एकाच अध्यापिकेच्या वेळापत्रकात, शेजारी शेजारी शिकवले जाऊ लागले.

याचे कारण व्यवसाय प्रशासन विद्यालयांनी दार लावून घेतले, हे होय. १९५९ साली फोर्ड व कार्नेगी या प्रतिष्ठानांच्या आश्रयाने प्रसिद्ध झालेल्या दोन अहवालांनी व्यवसायशिक्षणातील अतिविशिष्ट, धंदेवाईक अभ्यासक्रमांवर कठोर टीका केली. त्याऐवजी गणित, अर्थशास्त्र व वर्तनशास्त्रे यांवर भर द्यावा, अशी शिफारस झाली. किरकोळ विक्रीचे खास अभ्यासक्रम या झाडाझडतीत मागे पडले. न्यू यॉर्क विद्यापीठाचे स्वतंत्र स्कूल ऑफ रिटेलिंगही १९६० च्या दशकात बंद झाले. ज्या विषयाने १९२० च्या दशकात गणिताच्या बळावर विद्यापीठात जागा मिळवली होती, त्यालाच आता पुरेसा गणिती नाही म्हणून बाहेर काढण्यात आले. गृहविज्ञान विभागांना याच काळात विद्यार्थिनींची संख्या टिकवण्याची चिंता होती. शिवणकाम शिकण्यास कोणी येत नव्हते, पण नोकरी देणाऱ्या फॅशन मर्चंडायझिंगसाठी मुली येत होत्या. विषय त्या दारातून आत आला आणि त्याबरोबर त्या दाराची प्रतिष्ठा, किंबहुना अप्रतिष्ठाही, त्याला चिकटली. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने साठ्याचे फेरे शिकले तर ते व्यवस्थापनशास्त्र आणि वस्त्र विभागातील मुलीने शिकले तर ती फॅशनची हौस, अशी वर्गवारी रूढ झाली. आशयापेक्षा विभागाच्या पाटीवरून विषयाची योग्यता ठरवण्याची ही सवय केवळ अमेरिकेपुरती आहे, असे म्हणवत नाही.

शिडीचे वास्तव

या शिक्षणाने दिलेले मुख्य आश्वासन चढत्या शिडीचे होते: विक्रेती, सहायक बायर, बायर, मर्चंडाइझ मॅनेजर. ते पोकळ नव्हते. इतर उद्योगांत स्त्री अधिकारी अपवादात्मक असताना डिपार्टमेंट स्टोअरमध्ये स्त्री बायरांची संख्या लक्षणीय होती. त्या स्वतः युरोपचा प्रवास करीत, मोठमोठ्या रकमांचे करार करीत. तथापि बायरच्या वरच्या पायरीवर बहुतांशी पुरुषच होते. हॉर्टेन्स ओड्लम १९३४ मध्ये बॉनविट टेलरच्या आणि डोरोथी शेव्हर १९४५ मध्ये लॉर्ड अँड टेलरच्या अध्यक्ष झाल्या, ही उदाहरणे वारंवार दिली जातात. परंतु ओड्लम या त्या दुकानाची मालकी हाती आलेल्या भांडवलदाराच्या पत्नी होत्या, आणि शेव्हर यांचा प्रवेश बहिणीने केलेल्या बाहुल्यांच्या विक्रीतून झाला. दोघींपैकी कोणीही रिटेलच्या विद्यालयातून आलेली नव्हती.

शिडीची पहिली पायरीही सर्वांसाठी नव्हती. कृष्णवर्णीय स्त्रियांना दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक मोठ्या दुकानांत लिफ्ट चालवणे, सफाई वा गोदाम याव्यतिरिक्त काम मिळत नसे. काउंटरच त्यांना बंद होता. मग काउंटरवरून वर नेणाऱ्या शिक्षणाचा उपयोग तो काय? १९३० च्या दशकात, जेथे नोकरी नाही तेथे खरेदी करू नका, या घोषणेने अनेक शहरांत बहिष्काराच्या चळवळी झाल्या. नोकरीतील वर्णभेद व लिंगभेद यांना देशभर कायद्याने मनाई झाली ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. या कायद्याने आणि १९७२ च्या शिक्षणविषयक दुरुस्तीने व्यवस्थापन विद्यालयांची दारे स्त्रियांना अधिक खुली केली, आणि महत्त्वाकांक्षी विद्यार्थिनींना मर्चंडायझिंगशिवाय इतर मार्ग उपलब्ध झाले. त्यानंतरच्या काळात दुकानेच बदलली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील एका दुकानात दंडसंकेत प्रथम वाचला गेला. विक्रीचा आकडा यंत्रातून थेट मुख्य कचेरीत जाऊ लागला आणि गावोगावच्या बायरचे काम मध्यवर्ती कचेरीने घेतले. फायलीन यांचे नाव २००६ मध्ये दुकानांच्या पाट्यांवरून उतरले.

भारतातील दुसरा अर्थ

भारतात हा विषय थेट अमेरिकेतून आला. वस्त्रोद्योग मंत्रालयाने १९८६ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, स्थापन केली, ती न्यू यॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने. मात्र त्या वेळी देशात डिपार्टमेंट स्टोअरची साखळी जवळजवळ नव्हती. मुंबईच्या अंधेरीत शॉपर्स स्टॉप सुरू झाले ते १९९१ मध्ये. होता तो निर्यातीचा धंदा, आणि मुंबईत तर १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडकळीस येत होत्या. त्यामुळे 'मर्चंडायझर' या शब्दाला येथे निराळाच अर्थ चिकटला. अमेरिकेतील बायर ज्या कारखान्याला मागणी देतो, त्या कारखान्यात बसून त्या मागणीचा पाठपुरावा करणारी व्यक्ती म्हणजे मर्चंडायझर. नमुना मंजूर करून घेणे, रंगाची छटा जुळवणे, बटणे व चिठ्ठ्या वेळेवर आणवणे, शिलाईचे दिवस मोजणे, माल जहाजावर चढेपर्यंत परदेशी बायरच्या प्रश्नांना उत्तरे देणे, हे त्याचे काम. तिरुपूर, बंगळूर, मुंबई येथील निर्यातगृहांत हा शब्द आजही याच अर्थाने वापरला जातो.

म्हणजे वर्गात शिकवले जाणारे सहामाही आराखड्याचे गणित आणि नोकरीत वाट्यास येणारे काम ही एकाच करारपत्राची दोन टोके होती. न्यू यॉर्कमधील बायरने भावकपातीच्या रकान्यात आकडा वाढवला की तिरुपूरच्या मर्चंडायझरला पुढील हंगामात नगामागे काही सेंट कमी करण्याची सूचना येई. १ जानेवारी २००५ रोजी कापड व्यापारातील आंतरराष्ट्रीय कोटापद्धती संपुष्टात आल्यावर ही घासाघीस अधिक तीव्र झाली. देशी रिटेल साखळ्या वाढल्यानंतर, विशेषतः मुंबईतील गिरण्यांच्याच जमिनींवर मॉल उभे राहिल्यानंतर, पहिल्या अर्थाचे मर्चंडायझरही येथे लागू लागले. लोअर परळ येथील फिनिक्स मिलच्या आवारात आता जी दुकाने आहेत, त्यांच्यासाठी मालाचे आराखडे करणारे आणि निर्यातगृहात नमुन्यांचा पाठपुरावा करणारे, दोघेही नोकरीच्या जाहिरातीत एकाच पदनामाने ओळखले जातात.

आपल्याकडील विद्यापीठांत तर दोन दारांची कथाही पुन्हा घडताना दिसते. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला १९२० साली पंधरा लाख रुपयांची देणगी देणारे सर विठ्ठलदास ठाकरसी हे स्वतः गिरणीमालक होते. त्यांच्या मातोश्रींचे नाव त्या विद्यापीठास आहे. कापडाच्या नफ्यातून स्त्रीशिक्षण उभे राहिले, पण कापडाच्या व्यापाराचे शिक्षण त्या काळी स्त्रियांना देण्याचे कोणाच्या मनात आले नाही. पुढे ते आले तेव्हा गृहविज्ञानाच्या वस्त्रशास्त्र विभागांतून आणि वाणिज्य-व्यवस्थापनाच्या रिटेल अभ्यासक्रमांतून असे दोन्ही बाजूंनी आले. साठ्याचे फेरे, मार्कअप आणि 'ओपन टू बाय' दोन्हीकडे शिकवले जातात. गृहविज्ञानाकडे धागा पारखण्याची प्रयोगशाळा आहे, तर व्यवस्थापनाकडे नोकरी देणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी येतात. १९०५ सालच्या बोस्टनमधील वर्गात अंकगणित आणि वस्त्रज्ञान एकाच खोलीत, एकाच मुलीला शिकवले जात होते.